खालाची फुंकर

दुआ पढून झाली की बाळाच्या तोंडावर फुंकर घालायची, ही आमच्या गल्लीतली जुनी रीत. खाला दुआ पढायची, मनापासून पढायची, आणि फुंकर घालायची वेळ आली की मान वळवून गल्लीकडं फुंकायची. बाळ उंबऱ्याच्या आत, आईच्या हातात. खाला उंबऱ्याच्या बाहेर, ओढणीचं टोक नाकापर्यंत ओढलेलं, एक हात पाठीमागं. नवख्या माणसाला हे बघून हसू यायचं. "खाला, तुमची फुंकर समोरच्या रिक्षाला लागली," असं माझी ताई एकदा म्हणाली होती. खाला शांतपणे म्हणाली, "लगने दे. जिसकू पहुंचानी है, उसकू घर का पता मालूम है."

गल्लीच्या तोंडाशी तिची एका शटरची खोली होती आणि त्यात एक शिलाई मशीन. ती फक्त लेकरांचं शिवायची. झबली, टोपडी, दुपटी, कुंच्या. बारसं असो की अकीका, पहिलं झबलं खालाचंच. मोठ्या माणसाचं माप घेऊन कोणी आलं तर म्हणायची, "तुमचं आंग लई मोठं, माझा धागा पुरायचा नाय." ती मूळची वैजापूरकडची. नवरा इथं सूतगिरणीत होता, त्याच्यामागं आली आणि तो गेल्यावरही इथंच राहिली. बोलायला लागली की एक पाय वैजापुरात, एक शहरात. अर्धं वाक्य मराठी, अर्धं दखनी, आणि शिव्या दोन्ही भाषांतल्या.

मी शाळेत होते तेव्हाची खाला वेगळी होती. तेव्हा तिच्या फुंकरीला गुण आहे असं सगळी गल्ली मानायची. संध्याकाळी मगरिबच्या अजानीनंतर तिच्या शटरसमोर बायका उभ्या असत. कोणाचं लेकरू रडतंय, कोणाचं दूध पीत नाही, कोणाला नजर लागली. त्यात कुंकू लावलेल्या बाया होत्या आणि बुरख्यातल्याही होत्या. खाला एकेक लेकरू मांडीवर घ्यायची, गालाला गाल लावायची, दुआ पुटपुटायची आणि कपाळावर, नाकावर, छातीवर अशी तीनदा फुंकर घालायची. मग एक मुका. मग पुढचं लेकरू. तिच्या मांडीवर गेलं की रडणारं पोर गप्प होई, हे मी स्वतः पाहिलंय. गल्लीत हिंदू-मुसलमानांचे तंटे झाले त्या काळातसुद्धा ती रांग मोडली नव्हती.

आणि त्याच रांगेनं तिचं घर मोडलं.

भाद्रपदाचे दिवस होते. पोळा झाला की आमच्याकडं घरोघर सर्दी-खोकला सुरू होतो. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही. नाक गळतं, घसा खवखवतो, दोन दिवस काढा प्यायचा आणि कामाला लागायचं. खालालाही झाली होती तशीच सर्दी. रांग मात्र त्या दिवसांत नेहमीपेक्षा मोठी, कारण लेकरं खोकत होती. घरात तिच्या मुलाची मुलगी होती, चाळीस दिवसही पुरे न झालेली. रांग संपली की खाला आत जाई आणि नातीला उराशी घेई. नात खोकायला लागली तेव्हा खालानं एक दुआ जास्त पढली. नातीनं दूध सोडलं तेव्हा फुंकर आणखी वाढवली. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातसुद्धा खाला तिच्या तोंडावर वाकून फुंकत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाला सर्दी होती का. खाला म्हणाली, "मेरेकू."

हे तिनंच मला सांगितलं, कापड कापता कापता, कात्री न थांबवता. "जितनी बीमार होती गई, उतना मैं फूंकती गई," ती म्हणाली. एवढंच. त्यात रडणं नव्हतं. नात दवाखान्यातच गेली आणि मुलगा-सून गल्लीत राहिले नाहीत. त्यांनी वाळूजला कंपनीजवळ खोली घेतली आणि गेले. पुढं त्यांना दोन मुलं झाली. खाला दोन्ही वेळेला झबली घेऊन गेली आणि दोन्ही वेळेला दाराबाहेरून बघून आली. वर्षाची होईपर्यंत त्यांना तिनं हात लावला नाही. गल्लीतली रांगही तिनं त्याच वर्षी मोडली. बायका रुसल्या, काहींनी तिला गर्विष्ठ म्हटलं, एकीनं तर म्हटलं की नात गेल्यापासून म्हातारीला दुसऱ्यांची लेकरं बघवत नाहीत. खालानं कोणालाच उत्तर दिलं नाही.

उत्तर मी देते, कारण मला तेच काम आहे. मी एका छोट्या आरोग्य गटात पत्रकं लिहिते, वाटते, आणि वेळ पडली तर क्रांती चौकात उभी राहून ओरडते. तेव्हा ऐका. ही जी साधी सर्दी आपण हसण्यावारी नेतो, तिच्यामागं विषाणू असतात. त्यातला एक असा आहे की मोठ्यांचं नुसतं नाक गळतं आणि तान्ह्या बाळाच्या श्वासाच्या बारीक नळ्या सुजून चिकटानं भरतात. दिवस पूर्ण न भरता जन्मलेल्या लेकराला तर तो उभंच राहू देत नाही. अँटिबायोटिकनं तो मरत नाही. लेकराला ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ ठेवायचं, नळीनं दूध द्यायचं आणि त्याच्या लढण्याची वाट बघायची, एवढाच उपाय. श्रीमंत देशांत गरोदर आईला आधीच लस देतात. आपल्याकडं गरिबाच्या आईला त्या लसीचं नावही कोणी सांगत नाही. दरवर्षी त्याच महिन्यांत वॉर्ड भरतो, दरवर्षी त्याच महिन्यांत सगळ्यांना आश्चर्य वाटतं. पोळा कधी येतो हे पंचांगात छापलेलं असतं. मग खाटा कमी पडणार हे आधी कळत नाही?

माझं पहिलं पत्रक मी मोठ्या ऐटीत खालाला दाखवायला नेलं. वर नळाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'वारंवार हात धुवा'. तिनं चष्मा चढवून ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाली, "हा नळ कुठला? आपल्या गावचा दिसत नाय."

"खाला, चित्र आहे ते."

"चित्रातलाच म्हणून पाणी येतंय. आपल्या नळाला आठवड्यानं येतं, ते बी ड्रम भरायला पुरत नाय. अन् तू लिहिती वारंवार धुवा. पाणी काय तुझ्या कागदातून गळणार?"

मी चिडले. तिला माझं चिडणं आवडायचं. "गुस्सा नक्को होऊ," ती म्हणाली, "लिहायचंच तर हे लिही, दूर से देखो. दूर से देखने कू पानी नै लगता." तिच्या मशीनपाशी मात्र कायम एक भरलेला लोटा आणि साबणाची वडी असे. पिण्याचं पाणी संपलं तरी त्या लोट्याला कोणी हात लावायचा नाही.

ती सगळं बरोबरच करायची असं नाही. शिवून झालेल्या प्रत्येक झबल्याला ती लोबानची धुरी द्यायची आणि बाळंतिणीच्या खोलीतही दोन्ही वेळा धुरी हवीच असं सांगत फिरायची. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली. मी म्हटलं, बंद खोलीत धूर म्हणजे त्या एवढ्याशा छातीवर दगड. तिनं मला 'कागदी डॉक्टरीण' म्हटलं आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस धुपाटणं माझ्या हातात आणून दिलं. "ले जा. फूंक मैंने छोडी, लोबान तूने छुडवाई. अब मैं खाली दर्जी रह गई." मी जिंकले होते. घरी येईपर्यंत ते धुपाटणं मला फार जड वाटलं.

ताईची मुलगी, रेवा, श्रावणात झाली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी. पहिलं बाळंतपण, म्हणून ताई माहेरी, आमच्याकडं होती. मुलगी इतकी लहान की खालाचं सगळ्यात बारकं झबलंही तिला गुडघ्याखाली गेलं. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की पाहुणे नकोत. खालानं तिला दारातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "ये तो चिडिया है." त्या दिवसापासून तिनं शटरमधलं मशीन फिरवून असं लावलं की शिवता शिवता आमचं दार दिसावं. शेजारीण आली की शटरमधून खालाची हाक यायची, "ओ बाई, खोकला हाय का? हाय? मग खिडकीतून बोला!" आमच्या गल्लीत चोरापेक्षा पाहुण्यांना जास्त भीती वाटायला लागली होती.

ताईचं सासर वैजापूरचं. तिथल्या महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी सासरची माणसं जीप भरून बाळ बघायला आली. सासू, सासरे, नणंद, नणंदेचं शेंबडं पोर, चुलत सासू, आणखी कोण कोण. लक्ष्मीच्या सणाला घरात लक्ष्मी आली म्हणून फराळ, साडी, चांदीचे वाळे, सगळं घेऊन. त्या दिवशी मी क्रांती चौकात होते. लेकरांच्या वॉर्डात खाटा वाढवा म्हणून आम्ही फलक धरून उभे होतो. घरी काय झालं ते ताईनं मला नंतर सांगितलं.

जीप थांबलेली बघून खाला उठली, आपलं स्टूल उचललं आणि आमच्या दारात उंबऱ्याला लावून त्यावर बसली. सासरे बूट काढता काढता थबकले.

"ह्या कोण?"

"तुमच्या वैजापूरचीच हाय मी. बसा वट्ट्यावर. सर्दी-पडसं कुणाकुणाला हाय?"

नणंद नेमकी तेव्हाच खोकली. खाला म्हणाली, "हे बघा. बोलायचं कामच नाय."

सासरे तापले. "आमचं लेकरू बघायला आम्हाला परवानगी लागती व्हय?"

"बघा ना. डोळ्यानं बघा. पोरगी दारात आणून दाखवंल. मुका नाय, मांडीवर नाय. साल की होने दो, फिर कंधेपर बिठाव."

"एवढ्या लांबून आलो ते वट्ट्यावरून बघायला? विहीणबाई, तुमच्याकडं असं असतं का?"

आई आतून आली. माझी आई वाईट बाई नाही. पण पोरगी दिलेल्या घरची माणसं दारात ताटकळलेली, सासऱ्यांचा चेहरा लाल, सगळी गल्ली बघतेय. मुलीच्या आईला आपल्याकडं अशा वेळी पाठीचा कणा ठेवायची परवानगी नसते. ती म्हणाली, "खाला, सरका बाजूला. व्याह्यांचा मान असतो."

खाला सरकली. स्टूल उचललं. जाता जाता ताईकडं बघून म्हणाली, "बच्ची तेरी है." रेवा हातोहात फिरली. नणंदेनं तिचे मुके घेतले, तिच्या पोरानं गालाला गाल घासला, सासूबाईंनी कौतुकानं तिच्या तोंडाशी तोंड नेऊन तिला बोलायला शिकवलं. सगळ्यांनी प्रेमच केलं. हे मी मुद्दाम लिहितेय. त्या दिवशी आमच्या घरात प्रेमाशिवाय दुसरं काही घडलं नाही.

आठवडा उलटायच्या आत रेवानं दूध ओढणं सोडलं. नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्यांखाली खळगे पडायला लागले. ताई तिला घेऊन दारात आली तेव्हा खालानं सुई कापडात तशीच अडकवून ठेवली आणि रिक्षाला हात केला. 'मी सांगत नव्हते का' हे वाक्य मला तिच्या तोंडून तेव्हाही ऐकू आलं नाही आणि नंतरही नाही.

मोठ्या दवाखान्यात एका खाटेवर दोन लेकरं होती. एकाचं डोकं इकडं, दुसऱ्याचं तिकडं. नर्स धावत होत्या, डॉक्टरांचे डोळे तारवटलेले होते. त्यांना दोष देणाऱ्यानं तिथं एक दिवस उभं राहून बघावं. दोष त्यांचा आहे ज्यांनी खाटा मोजून एवढ्याच ठेवल्या. रेवाच्या खाटेवर दुसरं लेकरू पैठणकडच्या एका खेड्यातलं होतं. त्याची आई म्हणजे स्वतःच एक पोरगी. गावात, मग तालुक्याला, इंजेक्शनं देत देत त्याला इथं आणायला उशीर झालेला.

खाला वॉर्डात आली नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली, सकाळी यायची ती संध्याकाळपर्यंत. तिथंही तिची चौकी सुरू. "एकानं जा. खोकणाऱ्यानं हितंच बसा. मावशी, तुमचं नाक पुसा आधी." दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, तुमाला पगार चालू करतो." ती म्हणाली, "पगार तू रख, मेरेकू तेरी कुर्सी दे."

त्या पोरीला कोणीतरी सांगितलं की बाहेर बसलेल्या म्हातारीच्या फुंकरीला गुण आहे. ती धावत आली. खालाचे पायच धरले. "आजी, माझ्या बाळावर फुंकर घाला. एकदाच घाला." खाला उठली. वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. डोळे मिटून दुआ पढली. इतकी लांब दुआ मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आणि मग तिनं मान वळवली आणि व्हरांड्याच्या खिडकीकडं फुंकर घातली.

पोरीनं तिची ओढणी ओढली. "तिकडं काय? त्याच्यावर घाला ना!"

"पहुंच गई, बेटा."

"त्याच्यावर घाला, आजी! तुमचं काय जातंय?"

खाला जागची हलली नाही. ताई आतून बघत होती; ती सांगते, खालानं दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लेकरू गेलं. नर्सनं रेवाला उचलून खाटेच्या मधोमध ठेवलं. मागून कोणी तरी म्हणालं, "खाट मोकळी झाली का?" संध्याकाळच्या आत ती जागा भरली. पोरगी आपल्या माणसांबरोबर व्हरांड्यातून गेली तेव्हा तिनं खालाकडं पाहिलं. खालानंही नजर वळवली नाही. ती गेल्यावर मला म्हणाली, "उसकू लगा मैंने कंजूसी की."

मी म्हटलं, "खाला, फुंकरीनं काहीच फरक पडला नसता. त्याला आधीच..."

"मेरेकू मालूम है," ती म्हणाली. "उसकू मालूम नै. वो जिंदगीभर यही बोलेगी, बुढिया ने मुँह फेर लिया."

रेवा वाचली. हे वाक्य लिहिताना मला आनंद व्हायला हवा. पण त्याच खाटेवर होतं ते दुसरं लेकरू, आणि त्याच्यात नि रेवात एवढाच फरक की आमचं घर दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर होतं.

त्यानंतर खाला आजारी पडली. तिची छाती आधीच कापडाच्या धुळीनं नि वयानं पिंजलेली. त्यात ते दिवस तिनं त्या खोकणाऱ्या व्हरांड्यात काढलेले. तिथूनच लागलं असं कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. वाळूजहून मुलगा-सून आली. सूनच शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. आई रोज खिचडी घेऊन जायची. एक दिवस तिला राहवलं नाही. "खाला, मी तुम्हाला दारातून उठवलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. खालाला बोलताना धाप लागत होती. थांबत थांबत ती म्हणाली, "रोव नक्को. मेरेकू तो कोई रोकनेवाला बी नै था." आईला त्यातून माफी मिळाली की शिक्षा, हे तिला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

ताई रेवाला घेऊन गेली तेव्हा खालानं हातानंच खूण केली, बाहेरच थांब. ताईनं दारातून बाळ वर उचलून दाखवलं. आता ते गुबगुबीत झालं होतं, पाय झाडत होतं. सुनेनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. खालाचे ओठ हलले, बराच वेळ हलले. मग तिनं मान भिंतीकडं वळवली. फुंकर निघाली की नाही ते दारातून दिसलं नाही. रेवा वर्षाची व्हायला तेव्हा पुष्कळ महिने बाकी होते.

यंदाही पोळा झाला आणि वॉर्ड भरला. मी पुन्हा क्रांती चौकात होते, फलकावर तीच मागणी. माझ्या पत्रकावरून नळाचं चित्र गेलंय. आता तिथं एक दार आहे, बाहेर उभी एक बाई, आणि खाली 'लांबून बघा'. लोक विचारतात, ही बाई पाठ फिरवून का उभी आहे?

रेवा आता चालते, बोलते. झोपताना ताई तिला थोपटते आणि मग मान दाराकडं वळवून हळूच फुंकते. दुआ आमच्या घरात कोणालाच येत नाही. फुंकर तेवढी येते. परवा ताई आमच्याकडं आली होती तेव्हा रेवानं आपल्या बाहुलीला मांडीवर घेतलं, थोपटलं, आणि तोंड फिरवून भिंतीकडं जोरात फुंकलं. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही. तिथंच चौकट धरून उभी राहिली.